ओल सुकेपर्यंत

राजेंद्र नगरमध्ये आमच्या समोरचं घर सबनीसांचं. घराला लागून पश्चिमेच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे. एकेरी विटांच्या भिंती, वर पत्रा, पुढे लोखंडी शटर आणि आत एक पांढरी फियाट. उन्हाळ्यात ते गॅरेज भट्टीसारखं तापायचं. छताला आणि भिंतींना आतून फोम लावून घ्यायचा, म्हणजे ऊन आत उतरणार नाही, एवढंच काम होतं. ते कोणत्या मोसमात करायचं हे ठरायला मात्र इंदुमतीकाकूंना जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं काकूंनी सांगितलं. काकू वाढवून सांगणाऱ्या नाहीत. त्या शाळेत गणित शिकवायच्या. दूधवाल्याने नुसतं ‘अंदाजे’ म्हटलं तरी अजून त्यांच्या कपाळाला आठी पडते.

काकूंचे यजमान दिवाकरकाका पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते. त्यांची धाकटी बहीण बेबी. सत्तरी ओलांडली तरी अख्ख्या नात्यागोत्यात ती बेबीच राहिली. तिने लग्न केलं नाही. छत्रीबागेत नदीच्या बाजूच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. दर रविवारी काका फियाट काढून तिला आणायला जायचे, जेवणं व्हायची, संध्याकाळी सोडायला जायचे. गाडीत बेबी पुढे, भावाच्या शेजारी. मागे बसलं की तिला मळमळायचं म्हणे. काकू आणि त्यांचा मुलगा मानस मागे.

“लग्नानंतर पहिल्यांदा मांडूला गेलो,” काकू एकदा म्हणाल्या, “तेव्हाही पुढे वन्सं आणि मागे मी. वर खिडकीची काच बंद. त्यांना सदा थंडी वाजायची. मी मागे घामाने निथळतेय आणि यांना म्हणायचं काय? काही नाही म्हटलं. आयुष्यभर काही नाही म्हटलं.”

मग काकांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नावं, मग रस्ते. एका रविवारी बेबीला आणायला म्हणून निघाले ते थेट दुसऱ्याच गावी, महूला पोचले. त्या दिवशी मानसने गाडीची किल्ली काढून घेतली. फियाट गॅरेजमध्ये उभी राहिली ती राहिलीच. बेबी रिक्षाने यायला लागली, पण गुडघे दुखायचे, रिक्षावाले इतक्या लांब यायला कुरकुरायचे. येणं कमी होत गेलं.

त्या जानेवारीत शीतलहर आली होती. शाळांच्या वेळा बदलल्या होत्या, सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. बेबी न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि तिथेच ओल्या फरशीवर रात्रभर राहिली. सकाळी शेजाऱ्यांनी दार तोडलं. काकू गेल्या तेव्हा त्यांनी वन्संचा हात हातात घेतला, तो त्या फरशीइतकाच गार होता.

काकांना सांगायचं नाही असं ठरलं. तुकोगंजातल्या डॉक्टरांचाच तो सल्ला होता. विसरणाऱ्या माणसाला अशी बातमी दिली तर तो ती विसरतो, पुन्हा विचारतो, आणि दर वेळी ती त्याच्यासाठी नवी असते, असं ते म्हणाले. मानस नोकरीच्या गावाहून, हैदराबादहून आला, त्याने सगळं उरकलं. काकांना सांगितलं, बेबी भाचीकडे पुण्याला गेली आहे. काका “बरं” म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काका दुपारी जेवण झालं की शाल घेऊन गॅरेजमध्ये जायला लागले. शटर अर्धं वर करायचं, वाकून आत शिरायचं, फियाटच्या स्टीअरिंगमागे बसायचं. काकूंना त्यात वावगं वाटलं नाही. थंडीचे दिवस, पत्रा उन्हाने जरा तापलेला, आत ऊब असायची. बसू देत, त्या म्हणाल्या, घरातून निघून कुठे भटकण्यापेक्षा बरं.

एक दिवस काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. “अजून एक शाल दे.”

“एक नेलीत ना?”

“ती माझी. बेबीला ठंड वाजतेय.”

काकूंच्या हातात उलथनं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, कपाटातून शाल काढली आणि दिली. मन मागे गेलंय यांचं, जुन्या रविवारात गेलंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चार वाजता काका परत आले. दोन्ही शाली घडी घालून आणल्या होत्या. काकांची कोरडी होती. दुसरी शाल काकूंनी हातात घेतली तर ती ओलसर लागली. पाणी सांडल्यासारखी भिजलेली नव्हे. ओल्या जागेवर बराच वेळ पडून राहिलेल्या कापडासारखी.

त्यांनी ती दोरीवर वाळत घातली आणि मला आमच्या गच्चीवरून दिसलं की त्या कितीतरी वेळ दोरीपाशीच उभ्या आहेत.

फेब्रुवारी लागला तशी काकूंना वेगळीच काळजी लागली. उन्हाळा आला की हा माणूस त्या पत्र्याखाली बसणार. अडवलं तर ऐकणार नाही. मग गॅरेजच बसण्यासारखं करून घ्यावं. मानसने फोनवर सांगितलं, “आई, इन्सुलेशन करून घे. माझा मित्र म्हणतो उन्मेष करतो असली कामं.” हा उन्मेष इथलाच, परदेशीपुऱ्यात वाढलेला, कोचिंग क्लासच्या गच्च्यांना आणि दवाखान्यांच्या खोल्यांना फोम लावणारा. तो आला, पत्रा पाहिला, शटर पाहिलं.

“काकू, सीधी बात सांगतो,” तो म्हणाला. “या कामाला सगळ्यात बढिया मोसम दिवाळीनंतरचा. बारिश संपून महिना-दीड महिना झालेला असतो, भिंत आतून सुकलेली असते, ना जास्त गर्मी ना जास्त ठंड. गोंद नीट धरतो. आत्ताही चालेल, पण लवकर करावं लागेल. एकदा एप्रिल लागला की पत्रा इतका तापतो की लावलेला फोम फुगून सुटतो. आणि बारिशमध्ये तर हातच लावायचा नाही.”

“मग आत्ताच करू.”

“हौ. गाडी तेवढी बाहेर काढावी लागेल.”

बोलता बोलता तो गाडीच्या डाव्या बाजूला गेला, भिंतीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. पुन्हा ठेवला.

“ही भिंत ओली आहे, काकू. इथून पाइप जातो?”

“नाही. नळ सगळे घराच्या त्या बाजूला.”

“मागे कोणाची टाकी वगैरे?”

“मागे रस्ता आहे.”

उन्मेषने बाहेर जाऊन पाहिलं. बाहेरून भिंत कोरडी ठणठणीत होती. पाऊस जाऊन चार महिने झाले होते. तो परत आत आला तेव्हा काका आपल्या जागी येऊन बसले होते.

“काकाजी,” उन्मेष हसून म्हणाला, “गाडी दोन दिवस बाहेर ठेवू अपन.”

“आज नाही जमायचं.”

“मग उद्या?”

“बेबी बसलीय ना,” काका म्हणाले. आवाजात चीड नव्हती. समोरच्याला दिसत कसं नाही, याचं थोडं नवल होतं. “तिला कुठं उतरवू इतक्या थंडीत?”

उन्मेषने डाव्या सीटकडे पाहिलं, मग काकूंकडे. “काकू, भिंत आधी सुकू द्या,” तो म्हणाला. “ओल्यावर लावलं तर पैसा पाण्यात.” आणि निघून गेला. पुढे त्याने मला सांगितलं की त्या दिवशी त्याला भिंतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने घाई झाली होती. डाव्या दाराजवळून जाताना त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते. जसं कोल्ड स्टोरेजचं दार उघडल्यावर होतं तसं.

भिंत सुकली नाही. होळी झाली, रंगपंचमीची गेर, रंग उधळत जाणारी मिरवणूक, झाली, हवा कोरडी होत गेली, आमच्या ओठांना भेगा पडल्या आणि ती भिंत ओलीच. काकू रोज सकाळी जाऊन हाताची पालथी बाजू तिला लावून बघायच्या, ताप पाहावा तशी. आणि दुपारी काका जायचे. काकू चहाला बोलवायला गेल्या की शटरच्या अलीकडे थांबायच्या. आतून काकांचं बोलणं ऐकू यायचं. छत्रीबागेतलं, नदीला आलेल्या पुराचं, लहानपणी हरवलेल्या कुत्र्याचं. एक वाक्य बोलून ते थांबायचे. दुसरा माणूस उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ थांबायचे. मग “हो, तेच तर!” म्हणायचे आणि पुढे बोलायचे.

“मला दुसरा आवाज कधीच ऐकू आला नाही,” काकू म्हणाल्या. “पण आपण फोनवर बोलणाऱ्या माणसाला बघतो ना, तसं. पलीकडे कुणी आहे हे कळतं.”

एप्रिलमध्ये पारा चढला. शटरला हात लावला की चटका बसायचा. काकू धास्तावल्या. काका मात्र तीन-तीन तास आत बसून बाहेर यायचे तेव्हा त्यांच्या बंडीवर घामाचा डाग नसायचा. डावा हात, सीटच्या बाजूचा, गार असायचा.

डॉक्टर म्हणाले, हे ताबडतोब बंद करा. मे लागता लागता मानस आला, त्याने शटर ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. त्या दुपारी मी गच्चीवर वाळवण उचलायला गेले होते. काका उन्हात एक स्टूल घेऊन शटरसमोर बसलेले दिसले. बोटाच्या पेराने त्यांनी शटरवर टकटक केली. हळू, झोपलेल्या माणसाला उठवताना करतात तशी. मग कान लावला. आतून टकटक झाली.

मी हातातली कुरडई तशीच धरून उभी राहिले. काकांनी पुन्हा टकटक केली, जरा वेगळी, लांबवून. आतून तशीच आली, लांबवून.

मानस धावत बाहेर आला. “बाबा, पत्रा तापला की वाजतो,” तो म्हणाला आणि त्यांना धरून घरात घेऊन गेला. पत्रा तापला की वाजतो हे मलाही ठाऊक आहे, आमच्याही जिन्यावर पत्राच आहे. पण तो कुणाची वाट बघून वाजत नाही.

मानस परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी ठरवलं. काका जेवून आडवे झाले होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकूंनी कुलूप काढलं, शटर वर केलं आणि आत गेल्या. आत श्वास घेतला की नाक भाजत होतं. त्यांनी फियाटचं मागचं दार उघडलं आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

“पाऊल आत ठेवलं आणि पायांवरून गार वारा गेला,” त्या म्हणाल्या. “वारा यायला जागाच नव्हती. पुढच्या डाव्या सीटखालून येत होता. मी त्या सीटकडे बघितलं. रेक्झिन मधोमध दबलेलं होतं. जुन्या सीटा दबलेल्या असतातच. मी स्वतःला तेही सांगितलं. आरशाकडे मात्र बघितलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही.”

त्या जरा पुढे सरकून बसल्या. मग बोलल्या.

“वन्सं, मी इंदू. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगायला आलेय. तुम्ही गेलात हो. जानेवारीत. मी तुमच्याजवळ आले, पण उशिरा पोचले. यांना आम्ही सांगितलं नाही. सांगवलं नाही. तुम्ही इथं येता, याचं मला काही नाही. पण यांना या उन्हात बोलावू नका. हे मरतील. मग मी काय करू?”

काही झालं नाही. पत्रासुद्धा वाजला नाही. मग काकूंचं लक्ष डाव्या खिडकीकडे गेलं. काच नेहमीसारखी बंद होती. तिच्यावर आतून धुकं धरत होतं. हिवाळ्यात काचेजवळ तोंड नेऊन एक लांब श्वास सोडला की धरतं ना, तेवढंच, तेवढ्याच आकाराचं. बाहेर त्रेचाळीस डिग्री. ते धुकं वाढलं, थांबलं, आणि कडांकडून हळूहळू विरून गेलं.

काकू दार उघडून बाहेर आल्या. पळाल्या नाहीत. शटर ओढलं, कुलूप घातलं, घरात येऊन पाणी प्यायल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण मेलेल्या माणसाला खरं सांगून आलो आणि जित्याला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्या काकांच्या समोर बसल्या. “अहो, एक सांगायचं होतं. बेबीवन्सं पुण्याला गेल्या नाहीत.”

“मला माहीत आहे,” काका म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“ती वारली ते.” त्यांनी बशीत चहा ओतला. “नाहीतर रोज कशी आली असती? रिक्षावाले रोज येतात का इकडे?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तिनंच. पहिल्याच दिवशी. मी रडलो गाडीत. ती म्हणाली, दादा, उगी.”

“मग मला का नाही बोललात?”

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, त्या क्षणी त्यांची नजर अगदी पूर्वीची होती, काही न विसरलेली. “तू लपवत होतीस ना,” ते म्हणाले. “म्हटलं, तुला बरं वाटतंय तर राहू दे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी गॅरेजमध्ये जायला फक्त थोडा वेळ मागितला. काकू शटरपाशी उभ्या राहिल्या, ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. “ती म्हणते, गर्मी संपेपर्यंत दुपारचं यायचं नाही. सकाळी चालेल. आणि भिंत सुकली की काम करून घ्या म्हणते.”

भिंतीचं बोलणं झालं तेव्हा काका गाडीतच बसलेले होते, त्यांनी ऐकलं असेल, असं मी म्हटलं. “असेल,” काकू म्हणाल्या. “पण यांना सकाळचं दुपारी आठवत नाही. फेब्रुवारीतलं बोलणं मेमध्ये कुठून आठवणार?”

उन्हाळा तसा निभावला. नौतपाच्या, सगळ्यात कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत तर काका स्वतःच दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यायचे. पाऊस लागला. मधे एकदा आठवडाभर उघडीप पडली तेव्हा काकूंनी उन्मेषला फोन केला, आता होईल का म्हणून.

“मुळीच नाही,” तो म्हणाला. “वरून कोरडी दिसते, पण विटेच्या पोटात पाणी असतं. त्यावर फोम लावून सील केलं की ओल आत कोंडते. तिला बाहेर पडायला वाटच राहत नाही. मग ती आतल्या आत सडवते.”

“म्हणजे आत जे असेल ते आतच राहतं?”

“कायमचं, काकू.”

काकूंनी फोन ठेवला. मला म्हणाल्या, “मला वाटत होतं मोसम उन्हासाठी बघायचा असतो. मोसम बघायचा तो आत काय कोंडलं जाईल त्यासाठी. वन्संना मी असं भिंतीआड कोंडायची? आयुष्यभर एकट्या राहिल्या. त्या निघेपर्यंत थांबायला मला काही जड नव्हतं.”

दिवाळी झाली. सकाळी दारासमोरच्या रांगोळीवर दव पडायला लागलं. आणि एका सकाळी काकूंनी हाताची पालथी बाजू भिंतीला लावली तर भिंत कोरडी होती. त्यांनी गाल लावून पाहिला. कोरडी, जराशी उबदारसुद्धा. त्यांनी त्याच दिवशी उन्मेषला बोलावलं.

गाडी काढायला तो चार माणसं घेऊन आला. मीही गेटपाशी उभी होते. टायरात हवा भरली, गिअर काढला, हँडब्रेक सोडलेला आहे हे उन्मेषने स्वतः पाहिलं. चौघांनी मागून जोर लावला. फियाट हलली नाही. उन्मेष पाचवा लागला. कपाळाच्या शिरा फुगल्या, पण चाक फिरलं नाही.

“जाम झालंय क्या भिया?” एक जण म्हणाला. दुसऱ्याने वाकून चाकं तपासली. “जाम नाही. हाताने फिरतंय थोडं.”

काका पायरीवर बसले होते. ते उठले, माणसांच्या मधून वाट काढत गाडीच्या डाव्या बाजूला गेले आणि पुढचं दार उघडून उभे राहिले. दाराला हात, दुसरा हात जरासा पुढे, उतरणाऱ्याला आधार द्यावा तसा. आम्ही सगळे बघत होतो. एका माणसाने टोपी काढली. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. सीटचं रेक्झिन करकरलं. दबलेला भाग हळूहळू वर आला आणि सीट सपाट झाली. काकांनी दार लावलं.

“आता ढकला,” ते म्हणाले.

उन्मेषने एकट्याने हात लावला आणि गाडी गडगडत अंगणात आली. माणसं लगेच कामाला लागली. एरवी हे लोक मोबाइलवर गाणी लावतात, त्यांनी तीही लावली नाहीत. छताला पफची, कडक फोमची शीट बसली, भिंतींना फोम आणि वरून पांढरे बोर्ड, शटरला आतून चंदेरी अस्तर. आठवड्याने गाडी पुन्हा आत गेली. काका बाजूला उभे राहून बघत होते. दार उघडायला ते पुढे झाले नाहीत.

काकूंनी विचारलं, “वन्सं नाही बसायच्या?”

“ती तिथं नाही,” काका म्हणाले. “त्या दिवशीच घरात गेली. तू दार उघडं ठेवलं होतंस.”

काका आता दुपारी गॅरेजमध्ये जातात ते खरोखर झोपायला. तिथे खाट टाकली आहे. बोलत नाहीत. विसरणं वाढलंय, कधी काकूंचं नावही चुकतं, पण झोप शांत लागते. मानस दर रविवारी फोन करून टेंपरेचर विचारतो आणि काम योग्य वेळी झालं म्हणून खूश होतो.

डिसेंबरात मी एका दुपारी काकूंकडे गेले होते. स्वयंपाकघरात मटारचा ढीग पडला होता, सोलायला बसावं म्हटलं. फ्रिजजवळच्या खुर्चीकडे जात होते तर काकू म्हणाल्या, “तिथं नको गं. इकडं बस.” मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. घरभर थंडी नसते, त्या खुर्चीपाशीच असते. भीती पहिले चार दिवस वाटली. मग त्या काम करता करता बोलायला लागल्या. लग्नापासून जे कधी बोलल्या नव्हत्या ते सगळं. मांडूचं, काचेचं, सणावारी झालेल्या अपमानांचं, मग आपल्या चुकांचं.

“उत्तर येतं?” मी विचारलं.

“छे. मला कधीच काही ऐकू आलं नाही. मी आपली बोलते.” त्यांनी एक शेंग उलगडली. “एखाद्या दिवशी मी गप्प राहिले ना, तर मात्र ती थंडी खुर्चीतून उठते.”

नंतर आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. विषय संपला होता एवढंच. शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा येत होता. बाहेर लख्ख ऊन होतं. जरा वेळाने माझ्या घोट्यांना गार लागलं. मी पाय वर घेतले. गारवा गुडघ्यांपर्यंत आला, मग कमरेपर्यंत, आणि माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन थांबला. शेंग सोलणारी माझी बोटं आखडली.

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी पुढची शेंग उचलली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत अगदी रोजच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

“तर वन्सं, यंदा मटार काही गोड नाही निघाला…”